ऑफिसचा फोन इंटरनेटवर न्यायचाय? प्लॅन शेवटी बघा, आधी हे करा

बहुतेक जण सुरुवातच करतात ती कुठल्या कंपनीचा प्लॅन स्वस्त पडतो इथून, आणि मग अडकतात. प्लॅन शेवटी बघायचा. आधी ऑफिसात एक चक्कर मारा आणि जुन्या लाइनवर काय काय जोडलंय ते लिहून काढा. टेबलावरचे फोन दिसतातच हो, पण फॅक्स, चोरीचा अलार्म, लिफ्टमधला इमर्जन्सी फोन, कार्ड स्वाइप करायचं जुनं मशीन ही मंडळी कोपऱ्यात गप बसलेली असतात, लाइन बंद झाली की मगच त्यांची आठवण येते. फॅक्स ठेवायचाच असेल तर नव्या कंपनीला टी.३८ (इंटरनेटवरून फॅक्स पाठवायची पद्धत) चालतं का ते विचारा, नाहीतर पानं अर्धवट जातात. लिफ्ट आणि अलार्मसाठी मात्र एखादी साधी लाइन किंवा सिमवाली सोय वेगळी ठेवलेली बरी, तिथे पैसे वाचवायला जाऊ नका.

मग हिशोब. स्टाफ किती यापेक्षा एकाच वेळी जास्तीत जास्त किती जण फोनवर असतात तो आकडा लागतो. आवाजाचा डेटा करायची नेहमीची पद्धत म्हणजे जी.७११ कोडेक, त्यात आवाजाचे ६४ केबीपीएस आणि तो पॅकेटमध्ये, म्हणजे छोट्या तुकड्यांत, पाठवायचा वरचा खर्च धरून एका कॉलला साधारण ८७ केबीपीएस लागतात, तेही दोन्ही बाजूंनी, म्हणजे सरळ १०० धरा, १० कॉल एकदम चालू असले तरी १ एमबीपीएस अपलोड आणि १ डाउनलोड, एवढंच. म्हणून सेल्सवाला मोठा स्पीड विकायला लागला तर भुलू नका, आवाज तुटतो तो बहुतेक वेळा स्पीड कमी म्हणून नाही, पॅकेट उशिरा नाहीतर वेडीवाकडी पोचतात म्हणून. एका बाजूचा उशीर १५० मिलीसेकंदांच्या आत, जिटर म्हणजे त्या उशिरातला चढउतार ३० मिलीसेकंदांच्या आत आणि पॅकेट लॉस, म्हणजे वाटेत हरवणारी पॅकेट, १ टक्क्याच्या खाली असला की बोलणं नीट होतं.

हे ऑफिसात स्वतःच तपासता येतं. कामाच्या ऐन गर्दीत एका कॉम्प्युटरवर पिंग (पॅकेट जाऊन परत यायला किती मिलीसेकंद लागतात ते दाखवणारी कमांड) चालू ठेवा आणि दुसऱ्यावरून एखादी भलीमोठी फाइल अपलोडला टाका. पिंग २० वरून एकदम ४०० वर उडाला तर समजा की अकाउंट्सवाले बॅकअप घेतील तेव्हा तुमच्या कस्टमरला तुमचा आवाज रोबोसारखा येणार. यावर उपाय म्हणजे राउटरमध्ये क्यूओएस, म्हणजे कुठला डेटा आधी जाऊ द्यायचा ते ठरवणारं सेटिंग, लावून फोनच्या ट्रॅफिकला पुढे सोडायचं, आणि ते जमत नसेल तर राउटर बदला, फोन नको.

राउटरमध्येच इंटरनेट कॉलच्या पॅकेटमध्ये फेरफार करणारं एसआयपी एएलजी नावाचं एक सेटिंग असतं, नाव मदतीचं वाटतं पण बरेचदा तेच घोळ घालतं, समोरच्याचा आवाज येतो पण आपला जात नाही, नाहीतर फोन मधूनच कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला (रजिस्टर) राहत नाही. आधी ते बंद करून बघा. डेस्कफोन वायफायवर टाकू नका, केबल ओढा, आणि पीओई स्विच, म्हणजे नेटच्या केबलमधूनच वीज देणारा, घेतला तर प्रत्येक फोनला वेगळा अडॅप्टर लागत नाही.

लाइट गेली तर? जुन्या लाइनला करंट एक्स्चेंजमधूनच यायचा म्हणून ती चालू राहायची, आता मोडेम, राउटर, स्विच तिन्ही यूपीएसवर हवेत, एक जरी सुटलं तरी सगळे फोन मुके. आणि नेटच गेलं तर कॉल आपोआप मोबाईलवर जातील असं फॉरवर्डिंग आधीच लावून ठेवा.

सिक्युरिटीकडे लोक सपशेल दुर्लक्ष करतात. एक्स्टेंशन (ऑफिसातल्या फोनचा आतला नंबर) १०१ आणि पासवर्डही १०१ असं ठेवलं की रात्रीतून कोणीतरी तुमच्या खात्यावरून परदेशात कॉल करत बसतं आणि बिल तुमच्या नावावर. परदेशी कॉल लागत नसतील तर बंदच करा, लागत असतील तर खर्चाला रोजची लिमिट घाला. खात्यावर ऑफिसचा खरा पत्ता टाकायलाही विसरू नका, इमर्जन्सी नंबर फिरवला तर या फोनवरून तुम्ही कुठे आहात हे पलीकडच्याला आपोआप कळेलच असं नाही. इमर्जन्सी कॉल मुळात लागतो का, हेही कंपनीला विचारून घ्या.

आयव्हीआर, म्हणजे फोन लावल्यावर ऐकू येणारा रेकॉर्डेड मेनू, त्याबद्दल एवढंच, ‘एक दाबा दोन दाबा’ तीन-चार पर्यायांच्या वर नेऊ नका, माणसं वैतागून फोन ठेवतात.

आता नंबर. जुना नंबर पोर्ट होतो का, म्हणजे तोच नंबर नव्या कंपनीकडे नेता येतो का, ते प्लॅन घेण्याआधी लेखी विचारा, होत नसेल तर जुन्या लाइनवरून फॉरवर्ड करून काम भागवावं लागेल. होत असेल तर फॉर्मवर नाव-पत्ता अगदी जुन्या बिलावर आहे तसाच लिहा, अर्ज परत येतो तो बहुधा यातच. पोर्टिंग होईपर्यंत नवी सिस्टिम तात्पुरत्या नंबरवर दोन-चार जणांना वापरायला द्या, ट्रान्सफर, होल्ड, रेकॉर्डिंग सगळं करून बघू दे. आणि जुनी लाइन तोवर बंद करायला सांगायची नाही, आधी बंद केली तर नंबर हातचा जाऊ शकतो. पोर्ट झालं की बाहेरच्या मोबाईलवरून स्वतः फोन लावून बघा, मगच बंद करायचा अर्ज द्या आणि त्याची पोच घेऊन ठेवा, नाहीतर बिलं येत राहतात.