तिकडे भाजतं, इकडे उकडतं

राजेहो, वर्धा-नागपूर-चंद्रपूरकडून मे महिन्यात नोकरीसाठी ठाण्याला किंवा ऐरोली-घणसोलीला आलेल्या माणसाच्या तोंडी पहिल्या दिवशी एकच वाक्य असतं, "अरे, इथं तर ३४च आहे!" अठरा वर्षांपूर्वी मीही हेच म्हणाले होते. आपण ४५ सोसलेली माणसं, ३४ आपलं काय वाकडं करणार? चौथ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून येताना मी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यातच बसले. डोकं गरगरत होतं आणि ओढणी पिळावी इतकी ओली होती. शेजारच्या काकूंनी कोकम सरबत दिलं आणि म्हणाल्या, "पोरी, इथं आकडा बघायचा नाही."

ते मनावर घ्या. आपण तिकडे 'ऊन तापतंय' म्हणतो, इथले लोक 'उकडतंय' म्हणतात. एक भाजणं, दुसरं वाफेवर शिजणं. वर्ध्याच्या कोरड्या हवेत घाम येतो तसा उडून जातो आणि अंगातली उष्णता घेऊन जातो. इथल्या हवेत आधीच इतकी वाफ की घाम नुसता ओघळत राहतो. पाणी जातं, मीठ जातं, अंग मात्र गार होत नाही. हवामान खातंही हा फरक धरतं. मैदानी भागात पारा निदान ४० ला पोचल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार होत नाही, किनारपट्टीला ३७ पुरतात, अर्थात सरासरीपेक्षा साडेचार अंश वर असतील तर.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात माणसं भर उन्हात तासन्‌तास बसली होती. उष्माघाताने १४ जण गेले. पारा ३८ च्या आसपास होता. आमच्या गावाकडून फोन आले, "३८ ला माणूस मरतो?" मरतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये उघड्या मैदानातल्या कार्यक्रमाला जाऊ नका, कोणाच्या आग्रहाखातरही नाही.

दुसरं, कूलर आणू नका. मी ट्रकमधून आणला होता, वाळ्याच्या ताट्यांसकट. दोन दिवसांत चादरी दमट झाल्या, डब्यातलं मीठ पाझरलं, खोली मात्र गार झाली नाही. कूलर चालतो तो पाणी उडण्यावर, आणि इथं पाणी उडतच नाही. त्याऐवजी घर निवडताना दुपारी तीनला जाऊन बघा. समोरासमोर खिडक्या हव्यात. शेवटचा मजला आणि नुसती पश्चिमेची खिडकी असेल तर भाडं कमी असलं तरी नको. एसी घेतलात तर २६ वर ठेवून सोबत पंखा लावा, पुरतो.

बातम्यांतलं 'मुंबईचं तापमान' कुलाबा किंवा सांताक्रूझचं असतं, घोडबंदरचं नव्हे. मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेचा कोरडा वारा सुटला आणि समुद्रावरचा वारा दुपारी उशिरापर्यंत अडला, की ठाणं कुलाब्याच्या कितीतरी पुढे जातं. त्या दिवसांत मात्र आपली जुनी सवय कामी येते. दुपट्टा बांधा, पन्हं प्या, बारा ते चार सावलीत राहा.

थंडीचं थोडक्यात सांगते, कारण इथं ती थोडकीच आहे. जानेवारीत द्रासला उणे २० झाल्याची बातमी बघताना आपण पंखा लावून बसलेलो असतो. आई त्याच दिवशी गोधडीतून विचारते, "स्वेटर घातलास ना?" मी हो म्हणते. खोटं बोलावं लागतं, कारण इथं दुपारी ३० आहे हे तिला कितीदा सांगितलं तरी पटत नाही.

त्या दिवसांत गावी जाल तेव्हा विदर्भ एक्सप्रेसमध्ये एक गोष्ट सांभाळा. ठाण्याला गाडीत बसताना अंगावर सुती सदरा पुरतो. कसारा सोडून गाडी घाट चढू लागली की खिडकीची पट्टी हाताला गार लागते, आणि इगतपुरीला चहावाला दारात येतो तेव्हा डबा कुडकुडत असतो. लेकरं तोवर झोपलेली असतात. शाल बॅगेच्या तळाशी ठेवू नका, उशाशी ठेवा.