परदेशात मास्टर्स करायचंय? बेळगावात बसून खरी माहिती कशी काढायची

डिग्री झाली की आपल्याकडची पोरं पहिलं टिळकवाडीतली एखादी कन्सल्टन्सी गाठतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, तिथं जायचं तर शेवटी जा. फी न घेणाऱ्या बहुतेक एजंटांना कमिशन परदेशातल्या युनिव्हर्सिटीकडून मिळतं, मग टायअप असलेलीच नावं तुमच्यापुढं येणार. जर्मनीत सरकारी युनिव्हर्सिट्यांत बहुतेक ठिकाणी ट्युशन फीच नाही, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपियन युनियनच्या बाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात. हे असलं स्वतः बघितल्याशिवाय कळत नाही.

जर्मनीसाठी डीएएडीच्या, म्हणजे तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या साइटवर कोर्स शोधा, भाषा, फी, डेडलाइन सगळं फिल्टर करता येतं. अमेरिकेसाठी एज्युकेशन यूएसए, ती तिथल्या सरकारचीच सेवा आहे. मग थेट डिपार्टमेंटचं पान उघडा आणि रँकिंगच्या आधी एलिजिबिलिटी वाचा. तीन वर्षांची बीएस्सी, बीकॉम असेल तर अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी चार वर्षांची डिग्री मागतात, पानावर स्पष्ट नसेल तर कोऑर्डिनेटरला चार ओळींचा मेल टाका, उत्तर देतात. जर्मनीच्या व्हिसाला एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे तुमची डिग्री-मार्कशीट खरी असल्याचा तपासणी दाखला लागतो, हा नियम २०२२ च्या नोव्हेंबरपासूनचा, त्यामुळं त्याआधी गेलेल्या दादा-ताईंना याची कल्पना नसते.

सगळ्यात उपयोगाचं म्हणजे आपल्याच कॉलेजचे सीनियर. लिंक्डइनवर तुमच्या कॉलेजचं पेज काढा, त्यात अ‍ॅल्युम्नाय म्हणून भाग असतो, तिथं देश टाकला की कोण कुठं आहे ते दिसतं. गेल्या एक-दोन वर्षांत गेलेले निवडा आणि मराठीत लिहा, खानापूर-निपाणीकडचं कोणी विचारतंय म्हटल्यावर माणसं मनापासून सांगतात. पण "कोणती युनिव्हर्सिटी चांगली" असं विचारू नका, त्याला काय उत्तर देणार कोणी. भाडं किती, रूम मिळायला किती दिवस लागले, आपल्या सिलॅबसमधले कोणते विषय धरले नाहीत, असं नेमकं विचारा. व्हिसाचे नियम मात्र कुणाच्या तोंडून ऐकून चालायचं नाही, ते अधिकृत साइटवरच बघायचे.

आता आपल्या सीमाभागाचा खास मुद्दा. कोल्हापूरच्या मित्राची माहिती तुम्हाला जशीच्या तशी लागू होत नाही. त्याचा जर्मन व्हिसा मुंबईच्या कॉन्सुलेटकडं, तुम्ही कर्नाटकात राहता म्हणून तुमचा बेंगलोरच्या. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती तिथल्या रहिवाशांना आहे, आपल्याकडच्या एससी-एसटी मुलांनी कर्नाटकची प्रबुद्ध योजना आणि एससी मुलांनी केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपपण बघावी. जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून लोन स्कॉलरशिप, म्हणजे नंतर परत फेडायची मदत देतंय, तिथं राज्याचा प्रश्नच येत नाही.

ट्रान्सक्रिप्टची, म्हणजे युनिव्हर्सिटीनं द्यायच्या सगळ्या मार्कांच्या अधिकृत उताऱ्याची चौकशी आधीच करून ठेवा, ऐन डेडलाइनला धावपळ नको. व्हीटीयूवाल्यांचं (विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी) बरं आहे, ऑफिस मच्छ्याला, गावातच. राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटी २०१० ची, त्याआधी पास झालेल्या बीए-बीएस्सीवाल्यांना मार्क्सकार्ड घेऊन धारवाडच्या कर्नाटक युनिव्हर्सिटीतच जावं लागेल.