नेत्याच्या शाळेतल्या भानगडी मत देताना किती धरायच्या?

निवडणूक लागली की नागपुरातल्या बर्डीच्या पानठेल्यापासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत एक गोष्ट फिरतेच: अमुक भाऊ शाळेत पोरांना बडवायचे. आधी विचारा, पाहिलं कोणी? 'त्यांची अख्खी बॅच सांगते' म्हणजे कोणीच सांगत नाही.

2012 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे असलेल्या मिट रॉम्नींचं प्रकरण पाहा. 1965 मध्ये त्यांनी शाळेतल्या एका मुलाला पाडून त्याचे केस कापले, असं 'वॉशिंग्टन पोस्ट'नं 2012 मध्ये छापलं. पाच वर्गमित्रांनी वेगवेगळं सांगूनही हकीकत जुळली, चौघांनी स्वतःचं नावही छापू दिलं. आरोप इतका भक्कम हवा. तरी बातमीत ज्याचा हवाला होता असा आणखी एक मित्र त्या वेळी तिथे नव्हताच, हे मागाहून कळलं. म्हणून 'पाहिलं' आणि 'ऐकलं' यांची वेगळी मोजदाद करा.

मग तारखा ताडा. खोटं बहुधा इथेच उघडं पडतं. दहावीची बोर्ड परीक्षा राज्यात 1975 पासून. त्याआधी अकरावीची मॅट्रिक. '1972 ला दहावी बोर्डात कॉपी' म्हटलं की थांबा. 15 जूनला शाळेच्या पहिल्याच दिवशी मारामारी? उन्हापायी विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. ही गोष्ट पुण्या-मुंबईकडच्या कोणीतरी रचलेली असू शकते.

टीसीचा, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्याचा, फोटो पुरावा म्हणून आला तर फार भुलू नका. त्यात 'वर्तणूक' हा रकाना असतो खरा, पण तिथे बहुतेकांचं 'चांगली'च लिहिलेलं असतं. त्यानं आरोप सिद्धही होत नाही, खोडलाही जात नाही.

लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराचं नमुना 26 मधलं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतं. त्यात सर्वोच्च शिक्षण, संस्था आणि वर्ष पाहा. खोटी माहिती दिली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 125अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. गुन्ह्यांच्या रकान्यावरून मात्र शाळेतलं काही ठरवू नका. 18 वर्षांखालच्या मुलांसाठी कायदाच वेगळा आहे.

आरोप टिकला, तर वजन वयाप्रमाणे द्या. तेराव्या वर्षी डबा पळवणं सोडून द्या. सतराव्या वर्षी जातीवरून एकाच पोराला वर्षभर छळणं वेगळं. तसंच वागणं पुढे नगरसेवक झाल्यावर दिसतं का, ते सभागृहातल्या भाषणांत शोधा. आणि आजचं उत्तर ऐका. रॉम्नी म्हणाले, आठवत नाही, कोणी दुखावलं असेल तर माफ करा. आपल्याकडे बहुतेक वेळा 'विरोधकांचा डाव' एवढंच येतं. कोपरा सभेत प्रश्न नेमका विचारा: असं घडलं होतं का? पोस्ट पुढे पाठवायचीच असेल, तर मार खाणाऱ्याचं नाव काढून पाठवा.