सोळा पिक्सेलांत मावणारा नायक: गेमचं पात्र घडवायचं कसं, वाढवायचं कसं

गेमचं पात्र काढायला बसलेले बहुतेक जण सुरुवात चेहऱ्यापासून करतात. मग दागिने, मग अंगरख्यावरची नक्षी, मग तलवारीची मूठ. ते पात्र पळवायची वेळ आली, की हीच नक्षी प्रत्येक फ्रेममध्ये (हालचालीच्या एकेका चित्रात) पुन्हा काढताना जीव मेटाकुटीला येतो. क्रम उलटा ठेवा. पात्र काय करणार ते आधी ठरवा, मग त्याला किती जागा मिळणार ते, आणि कपडे सगळ्यात शेवटी.

याचा सगळ्यात चांगला धडा मारिओकडून मिळतो. १९८१ साली निन्टेंडोच्या ‘डाँकी काँग’ या गेमसाठी शिगेरू मियामोतो यांनी हे पात्र काढलं, तेव्हा त्याला नाव होतं जंपमॅन आणि जागा होती १६ × १६ पिक्सेलांची. एवढ्याशा जागेत ओठ काढता येत नाहीत, म्हणून मोठं नाक आणि खाली मिशी. उडी मारताना केस हलवून दाखवणं परवडत नव्हतं, म्हणून टोपी. हात धडापासून वेगळे दिसावेत म्हणून दोन रंगांचे कपडे. आज जगभरात ओळखला जाणारा तो चेहरा अडचणींवरच्या तोडग्यांतून तयार झाला आहे. उचलायचं असेल तर हे तोडगे उचला. टोपी-मिशीचा तोच माणूस गिरवलात तर गेम कुठेही विकायला ठेवताना कॉपीराइट आडवा येईल.

आपण उदाहरणाला बालाघाटच्या डोंगरातला मेंढपाळ घेऊ. नाव खंडू. डोक्याला लाल पटका, अंगावर काळी घोंगडी, पांढरं धोतर, हातात काठी. आपल्याकडच्या वाचकाला हा वेश लांबूनही कळतो आणि त्यातली प्रत्येक वस्तू गेममध्ये काहीतरी काम करू शकते. पटक्यामुळे केस काढायचे वाचतात, मिशीमुळे तोंड. पटक्याचा मागे लोंबणारा शेमला दोन-तीन पिक्सेलांतच पळण्याची दिशा सांगतो. घोंगडी पसरली की खाली पडण्याचा वेग कमी होतो, म्हणजे दुसऱ्या बटणाचं कामही कपड्यातूनच निघालं.

आधी ठोकळा पळवा

चित्राला हात लावण्याआधी गोडो या गेम बनवायच्या इंजिनात (फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं, आवृत्ती ४ घ्या) १० × २० पिक्सेलांचा एक राखाडी ठोकळा चालवून पाहा. ‘सुपर मारिओ ६४’ (१९९६) बनवतानाही आधी मारिओचं चालणं-पळणं-उडी एका लहानशा जागेत घोटून घेतली होती. गेमचे टप्पे (लेव्हल) नंतर आले. ठोकळा उडवायला मजा येत नसेल, तर त्यावर पटका चढवून काही फरक पडत नाही.

स्क्रीनचा मूळ आकार ३२० × १८० ठेवा. चौपट केला की १२८० × ७२० आणि सहापट केला की १९२० × १०८०, दोन्ही पूर्णांकात बसतात. बऱ्याच जुन्या लॅपटॉपांचा स्क्रीन १३६६ × ७६८ असतो; तिथे चौपट चित्र दाखवून कडेला काळी पट्टी राहू द्या. ‘इंटिजर’ स्केलिंग (फक्त पूर्ण पटीत वाढवणं) बंद ठेवून चित्र ताणलंत, तर काही पिक्सेल चार ठिपक्यांचे आणि काही पाचांचे होतात, आणि पळताना खंडूचा चेहरा वळवळल्यासारखा दिसतो.

आता उडी. अंदाजाने आकडे टाकत बसू नका, दोन गोष्टी ठरवा: किती उंच आणि किती वेळात. जमिनीचे चौकोन १६ पिक्सेलांचे आहेत आणि चार चौकोनांची भिंत, म्हणजे ६४ पिक्सेल, चढता यायला हवी. उंची ७२ धरा, शेंड्यापर्यंतचा वेळ ०.४ सेकंद. गुरुत्व म्हणजे उंचीची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग: १४४ भागिले ०.१६, म्हणजे ९००. उडीचा सुरुवातीचा वेग म्हणजे उंचीची दुप्पट भागिले वेळ: १४४ भागिले ०.४, म्हणजे ३६०. गोडोत वरची दिशा उणे असल्याने लिहायचं −३६०.

६४ न धरता ७२ का? संगणक सेकंदाला ६० तुकड्यांत हिशोब करतो; अशा एका तुकड्यालाही फ्रेमच म्हणतात. उडीचा वेग दिल्यावर त्याच फ्रेममध्ये गुरुत्व मिळवलं की पुढच्या, यावरून शेंडा तीन पिक्सेल वर किंवा खाली जातो. नेमके ६४ धरले आणि कोडमधला क्रम बदलला, तर काल चढणारा खंडू आज भिंतीच्या कडेला पाय अडून खाली येतो. मग लोक भिंत तपासत बसतात, चूक मात्र दोन ओळींच्या क्रमात असते.

खाली येताना गुरुत्व दीडपट, १३५०, करा. वर जाताना आणि खाली येताना सारखाच वेळ लागला तर पात्र फुग्यासारखं तरंगतं. जमिनीवरचा वेग सेकंदाला १२० पिक्सेल ठेवलात, तर एका उडीत साधारण ८७ पिक्सेल, म्हणजे जेमतेम साडेपाच चौकोन अंतर कापलं जातं. म्हणून सुरुवातीच्या टप्प्यांत खड्डा चार चौकोनांपेक्षा रुंद नको. बटण लवकर सोडलं तर वर जाणारा वेग निम्मा करा, म्हणजे लहान उडीही मारता येते. कड्यावरून पाय सुटल्यावर ६ फ्रेमपर्यंत उडी चालू द्या आणि जमिनीला टेकण्याआधी ६ फ्रेम दाबलेलं बटणही मोजा. हे दोन्ही नसले की खेळणारा म्हणतो, “मी दाबलं होतं ना!” आणि बऱ्याचदा त्याचंच बरोबर असतं.

घोंगडीचं बटण दाबून धरलं असेल तर पडण्याचा वेग ६० वर अडवा. हा नियम फक्त खाली येताना लागू करा. वर जाताना लागू केला तर उडीच मारून टाकाल.

चौकटीत माणूस बसवणं

चित्रासाठी पिस्केल किंवा लिब्रेस्प्राइट, दोन्ही फुकट. एस्प्राइट विकत घ्यावं लागतं. काम जास्त असेल तर पैसे वसूल होतात. खंडू स्वतः १६ रुंद आणि २४ उंच असला तरी कॅनव्हास ३२ × ३२ घ्या. काठी आणि पसरलेली घोंगडी १६ मध्ये मावत नाही. नंतर कॅनव्हास वाढवला तर आधीच्या सगळ्या फ्रेमांची जागा सरकते. पाय नेहमी सगळ्यात खालच्या ओळीवर.

वरून मोजत २४ ओळींची वाटणी अशी: पटका ६, चेहरा ५, धड ७, पाय ६. डोकं-पटका मिळून जवळपास निम्मा माणूस होतो. विचित्र वाटेल, पण प्रत्यक्षातलं प्रमाण ठेवलं तर चेहऱ्याला तीनच ओळी उरतात आणि तिथे तीन ठिपक्यांपलीकडे काही दिसत नाही.

चेहऱ्याच्या पाच ओळी जरा नीट पाहू. खंडू उजवीकडे बघतोय. पहिल्या दोन ओळींत डोळा: एक पिक्सेल रुंद, दोन उंच. डोळ्यातला पांढरा भाग काढायच्या फंदात पडू नका, एवढ्या लहान आकारात तो चष्म्यासारखा दिसतो. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत नाक, चेहऱ्याच्या कडेपासून दोन पिक्सेल बाहेर. चौथ्या ओळीत मिशी, चार पिक्सेल, पुढचं टोक नाकाखाली. पाचवीत हनुवटी, कडेचा एक पिक्सेल कापलेली. झालं. मिशी तिसऱ्या ओळीवर चढवलीत तर खंडू रागावलेला दिसतो, पाचव्यावर उतरवलीत तर म्हातारा.

रंग चारच (आकडे लाल-हिरवा-निळा या क्रमाने). पटक्याचा लाल १८०-४०-४५, कातडीचा २००-१३५-९०, घोंगडी-मिशी-वहाणांचा काळपट ४५-३०-३५, धोतराचा २४०-२३०-२१०. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये एका स्प्राइटला (स्क्रीनवर हलणाऱ्या एका चित्राला) पारदर्शक सोडून तीनच रंग मिळायचे, म्हणून मारिओचे केस, मिशी, शर्ट आणि बूट एकाच तपकिरी रंगाचे होते. त्याच गेम-यंत्रावर (निन्टेंडोच्या एनईएसवर) १९८७ साली आलेल्या ‘मेगा मॅन’ गेमच्या नायकाला जास्त रंग हवे होते, तर त्याचा चेहरा वेगळा स्प्राइट करून वर ठेवला. आपल्यावर तशी सक्ती नाही, पण रंग आठ केले की दर फ्रेममध्ये आठ जागा सांभाळाव्या लागतात.

मराठवाड्यातला देखावा काढताना एक अडचण हमखास येते. काळी माती, काळा पाषाण, आणि त्यावर काळी घोंगडी. दौलताबादच्या अंधारीत किंवा नळदुर्गच्या तटाखाली खंडू उभा केला की फक्त पटका आणि धोतर चालताना दिसतं. उन्हाळ्याच्या पांढुरक्या आभाळापुढे मग धोतर नाहीसं होतं. पात्राचा रंग बदलू नका, देखाव्याचा बदला. दगड थोडा उजळ आणि निळसर घ्या, आभाळ मातकट पिवळं, ज्वारीच्या वाळल्या कडब्यासारखं. देखाव्यात तो लाल रंग कुठेही वापरू नका. पळस फुललेला दाखवायचा असेल तर केशरीकडे न्या. तरीही घोंगडी हरवत असेल, तर तिच्या वरच्या कडेला एक पिक्सेलाची तपकिरी उजेडाची रेघ द्या.

तपासणी सोपी आहे. सगळं पात्र एकाच काळ्या रंगाने भरा आणि मोबाइल हातभर लांब धरून उन्हात बघा. पटका, शेमला, काठी ओळखू आली तर बाह्यरेषा जमली. नाही आली तर आत कितीही बारीक काम करा, खेळताना ते दिसणार नाही.

फ्रेम: अकरा पुरेत

उभं राहणं २, पळणं ४, वर जाणं १, खाली येणं १, टेकणं १, घोंगडी पसरून तरंगणं २. मिळून ११ फ्रेम, म्हणजे ३५२ × ३२ ची एक पट्टी. लहान मारिओचं चालणं तीनच फ्रेमांत होतं, हे कमी वाटलं तर आठवा.

पळताना पाय फाकलेले असतील त्या फ्रेममध्ये धड एक पिक्सेल खाली, पाय जवळ येतील तेव्हा एक पिक्सेल वर. शेमला धडाच्या एक फ्रेम मागे हलवा: धड खाली गेलं की शेमला अजून वरच. एवढ्यानेच वजन जाणवतं. गती सेकंदाला १२ फ्रेम ठेवा. पाय घसरल्यासारखे दिसले तर फ्रेमा वाढवू नका, आधी ही गती वर-खाली करून बघा. टेकण्याची फ्रेम फार वेळ दाखवली तर पात्र चिकट वाटतं, ०.०८ सेकंद भरपूर झाली. ती चालू असतानाही उडीचं बटण चाललंच पाहिजे.

डावीकडे वळताना चित्र आरशासारखं उलटतं, त्यामुळे उजव्या खांद्यावरची घोंगडी डाव्या खांद्यावर जाते. याने कुणाचं काही बिघडत नाही. पण खंडू कॅनव्हासच्या मधोमध नसेल तर वळताना तो एक-दोन पिक्सेल उडी घेतो, आणि भिंतीला खेटून असला की भिंतीत घुसल्यासारखा दिसतो.

गोडोत आणताना ‘डिफॉल्ट टेक्स्चर फिल्टर’ लिनियरवरून निअरेस्टवर करा, नाहीतर सगळं धुक्यातून पाहिल्यासारखं दिसेल. मूळ बिंदू पायाशी ठेवा: स्प्राइटचा वाय (उभी जागा) −१६, कॉलिजन बॉक्स (भिंती-जमिनीला टेकणारी अदृश्य चौकट) १० × २०, त्याचा वाय −१०. पटक्याचे वरचे चार पिक्सेल आणि काठी बॉक्सबाहेर राहतात, तेच हवं. काठी आत घेतलीत तर खंडू वाटेतल्या प्रत्येक दगडाला अडकेल.

मित्राला फाइल पाठवताना व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून कधीच नाही. दाबून टाकलेल्या चित्रात चार रंगांचे शेकडो होतात. डॉक्युमेंट म्हणून पीएनजी पाठवा आणि मूळ फाइल वेगळी जपा. लाइट कधी जाईल ते आपल्या हातात नाही, त्यामुळे दर फ्रेमनंतर सेव्ह.

नाव मराठीत दाखवणार असाल तर आणखी एक काम. आठ पिक्सेलांत इंग्रजी अक्षरं बसतात, देवनागरी नाही. वर अनुस्वार-मात्रा, खाली उकार, ‘खंडू’ला दोन्ही लागतात. गेम ३२० × १८० च्या सबव्ह्यूपोर्टमध्ये (गोडोतल्या वेगळ्या आतल्या पडद्यात) ठेवा आणि अक्षरं त्याच्याबाहेर, पूर्ण आकाराच्या स्तरावर, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी फाँटमध्ये. गोडो ३ वापरू नका: त्यात ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी न येता नंतर पडते आणि जोडाक्षरं फुटतात.

पुढच्या आवृत्तीत काय बदलायचं

पहिला गेम लोकांनी खेळला, आता ३२ × ४८ चा खंडू हवा. मोह होतो तो धोतराला काठ, पटक्याला जर, गळ्यात ताईत असं सगळं एकदम घालायचा. मारिओकडे परत बघा. १९८१ मध्ये त्याची डुंगरी (खांद्यावर पट्टे असलेली विजार) लाल आणि शर्ट निळा होता, पुढे शर्ट लाल आणि डुंगरी निळी झाली. सुतार होता तो १९८३ च्या ‘मारिओ ब्रदर्स’मध्ये प्लंबर झाला. रंगांची अदलाबदल आणि धंदाबदल दोन्ही पचले, कारण टोपी, नाक आणि मिशी जागची हलली नाही. खंडूच्या अशा तीन गोष्टी आजच लिहून ठेवा: पटका-शेमला, मिशी, काठी. बाकी सगळं बदलायला मोकळं.

जागा वाढली की आधी पोटात ठेवलेली गोष्ट बाहेर काढता येते. ‘टूम रेडर’ गेमची नायिका लारा क्रॉफ्टची लांब वेणी मूळ कल्पनेत होती, पण १९९६ च्या पहिल्या गेममध्ये खेळताना ती दिसत नाही. हलवणं जमत नव्हतं. १९९७ च्या दुसऱ्या गेममध्ये ती पाठीवर झुलू लागली. म्हणून पहिल्या आवृत्तीत जे परवडलं नाही त्याची यादी ठेवा, आणि दुसऱ्या वेळी त्यातली एकच गोष्ट घ्या.

नवी ताकद द्यायची तर ती बाह्यरेषेतच दिसू द्या. ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ मध्ये (१९८८) मारिओला शेपूट आली की तो सावकाश खाली उतरू शकतो हे न सांगता कळायचं, ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये (१९९०) पाठीवर झूल आली. खंडूला पाण्यात उतरवायचं असेल तर घोंगडी डोक्यावर बांधलेली दाखवा. मग तरंगण्याचं बटण पाण्यात का चालत नाही, हे वेगळं लिहावं लागत नाही.

आकार दुप्पट केला तरी जुने उडीचे आकडे लगेच दुप्पट करू नका. चौकोन ३२ चे केलेत तर उंची, वेग, गुरुत्व सगळंच दुप्पट, वेळ मात्र तेवढाच. चौकोन १६ चेच ठेवून फक्त खंडू मोठा केलात, तर कॉलिजन बॉक्स २० रुंद होतो आणि जुन्या टप्प्यांतल्या एका चौकोनाच्या फटीतून तो खालीच जात नाही. ही गोष्ट चित्र रंगवून झाल्यावर लक्षात आली तर सगळे टप्पे पुन्हा आखावे लागतात, म्हणून नव्या आकाराचा राखाडी ठोकळा आधी जुन्या टप्प्यांतून फिरवून आणा.