टिकालला निघण्यापूर्वीची तयारी

ग्वाटेमालातील टिकालचे प्राचीन माया नगर पाहायचे ठरल्यावर आधी कागदपत्रे तपासावीत. प्रवास अमेरिकेमार्गे असेल, तर तेथे केवळ विमान बदलायचे असले तरी भारतीय पासपोर्टधारकाला अमेरिकेचा व्हिसा लागतो, म्हणून तिकीट काढण्याआधीच मार्ग पक्का करावा. मे ते ऑक्टोबर हा तिथला पावसाळा. त्या दिवसांत चुनखडीच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या होतात, म्हणून शक्यतो डिसेंबर ते मार्च हा काळ निवडावा. डेंग्यू-मलेरियाविषयी डॉक्टरांचा सल्ला महिनाभर आधीच घ्यावा.

आपण गडांवर जाताना घालतो तेच पकड असलेले बूट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, डास प्रतिबंधक मलम, विजेरी आणि चपट्या पिनांचा अ‍ॅडॉप्टर एवढे सामान पुरते. शाकाहारी मंडळींनी ‘सिन कार्ने, सिन मान्तेका’, म्हणजे मांस आणि डुकराची चरबी नको, हे शब्द पाठ करावेत, कारण काळ्या घेवड्याच्या उसळीतही ही चरबी असू शकते.

पाणी मात्र भरपूर घ्यावे. टिकालला नदी नाही, झरा नाही. हजारो माणसांचे हे नगर पावसाचे पाणी बांधीव जलाशयांत साठवून शतकानुशतके जगले. मंदिरांच्या ओढीने बहुतेक जण हे जलाशय न पाहताच पुढे जातात. माझ्या मते वाटाड्याला ते आवर्जून दाखवायला सांगावे, कारण या नगराचे खरे कर्तृत्व तिथेच समजते.

सुमारे 47 मीटर उंचीच्या पहिल्या मंदिरावर चढायला बंदी आहे. त्याच्याखाली हसाव चान काविल या राजाची समाधी सापडली, एवढे तरी वाचून जावे. चौथे मंदिर सुमारे 65 मीटर उंच असून त्यावर लाकडी जिन्याने जाता येते. गुडघे दुखत असतील, तर महिनाभर आधीपासून जिने चढण्याचा सराव ठेवावा.

इथला शेवटचा ज्ञात कालनिर्देशित शिलास्तंभ इ.स. 869 मधला आहे, पण माया लोक नाहीसे झालेले नाहीत. त्यांचे वंशज आजही येथे विधी करतात, त्यामुळे चौकात अग्नी पेटलेला दिसल्यास कॅमेरा खाली ठेवून आधी परवानगी विचारावी.