अडकलेली जुनी हार्ड डिस्क पुन्हा फिरवताना

मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांत १९९० च्या दशकात ज्या छापखान्यांतून शिशाचे खिळे (टाइप) जाऊन डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी आली, तिथले ४८६ किंवा पहिल्या पेंटियम प्रोसेसरचे संगणक आजही माळ्यावर पोत्यात गुंडाळलेले सापडतात. त्यांच्या हार्ड डिस्कवर लग्नपत्रिकांच्या जोडीने शाळांच्या स्मरणिका, बंद पडलेल्या साप्ताहिकांचे अंक आणि एखाद्या गौरवग्रंथाची दुसरीकडे कुठेच नसलेली प्रत असू शकते. अशी डिस्क वीज देऊनही फिरत नसेल, तर ती संपली असे समजून भंगारात देऊ नये. बऱ्याचदा ती केवळ अडकलेली असते.

त्या काळच्या बहुतेक डिस्कमध्ये संगणक बंद झाला की वाचणारी हेड्स चकतीवरच टेकतात. चकती अतिशय गुळगुळीत असते, तिच्यावर वंगणाचा पातळ थर असतो, आणि वर्षानुवर्षे पडून राहिल्यावर हे वंगण व हवेतील ओल यांमुळे हेड चकतीला चिकटून बसते. शिवाय मोटरच्या बेअरिंगमधले ग्रीस घट्ट होते. ही पकड सोडवण्याइतका जोर छोट्या मोटरमध्ये नसतो.

म्हणून प्रथम ऐकावे. डिस्कला कान लावून वीज दिल्यावर बारीक घुमल्यासारखा किंवा ठरावीक अंतराने हलका ‘टिक्’ असा आवाज येत असेल आणि हाताला फिरण्याची थरथर लागत नसेल, तर ती अडकलेली असण्याची शक्यता मोठी आहे. डिस्क फिरत असून खटखट वाजत असेल, तर दोष वेगळा आहे आणि पुढचा उपाय तिच्यासाठी नाही. काहीच आवाज नसेल, तर आधी एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, तपासावा. त्याला निकामी सीडी ड्राइव्ह भार म्हणून जोडून मल्टिमीटरने पिवळ्या व काळ्या तारेत १२ व्होल्ट आणि लाल व काळ्या तारेत ५ व्होल्ट मिळतात का ते पाहावे. ५ टक्क्यांपेक्षा अधिक फरक असेल, तर त्या एसएमपीएसवर डिस्क लावू नये.

यानंतर लगेच हात घालण्याचा मोह आवरावा, कारण सुटलेली डिस्क पुन्हा कधी फिरेल याची हमी नसते आणि पहिल्या फिरण्यातच सगळी प्रत काढता आली पाहिजे. आयडीई पोर्ट, म्हणजे जुन्या डिस्कची रुंद पट्टीची केबल जोडण्याची जागा, असलेला, पेंटियम ४ च्या काळातला मदरबोर्ड व त्यावर लिनक्स तयार ठेवावे. स्वस्त यूएसबी अडॅप्टर फार जुन्या डिस्कना बहुधा ओळखत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर विसंबू नये. डिस्कच्या लेबलवरील सिलिंडर, हेड व सेक्टर यांचे आकडे टिपून घ्यावेत. बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम, डिस्क आपणहून ओळखत नसेल, तर ते हाताने भरावे लागतात. डिस्कच्या मागचा जम्पर (पिनांवर बसणारी छोटी टोपी) ‘मास्टर’ या जागी असावा. आयडीईच्याही आधीच्या एमएफएम प्रकारच्या डिस्कसाठी मात्र तिचे मूळ कंट्रोलर कार्डच हवे. आणि यूपीएस पूर्ण चार्ज असावा. आपल्याकडे वीज कधी जाईल हे सांगता येत नाही, आणि अर्ध्या प्रतीवर थांबलेली डिस्क पुन्हा चिकटू शकते.

आता मुख्य काम. डिस्क सर्व तारांपासून मोकळी करून दोन्ही हातांत जमिनीला समांतर धरावी. खाली जाड टॉवेल घातलेला असावा. मग चकतीच्या आसाभोवती, म्हणजे किल्ली फिरवावी तसे, मनगटाने पाव फेऱ्याइतके झटकन वळवून एकदम थांबवावे. पेटी थांबते, पण जडत्वामुळे आतली चकती पुढे जाऊ पाहते आणि त्या झटक्याने हेड सुटते. असे तीन-चार वेळा करून वीज देऊन पाहावे. वर-खाली हलवू नये आणि हातोडीने ठोकू तर मुळीच नये, कारण उभा धक्का हेडलाच चकतीवर आपटतो. झटक्याने भागले नाही, तर केस वाळवण्याच्या यंत्राने दुरून, हाताला कोमट लागेल इतपतच पेटी उबवून पुन्हा प्रयत्न करावा. वैशाखातल्या उन्हात डिस्क ठेवून देण्याचा सोपा वाटणारा मार्ग मी टाळतो, कारण पेटी एकाच बाजूने तापते. झाकण उघडणे हा अगदी शेवटचा पर्याय आहे: फिरताना हेड चकतीपासून एका मायक्रॉनपेक्षाही कमी अंतरावर तरंगते, आणि आपल्या धुळीचा एक कण त्याहून कितीतरी मोठा असतो.

परभणीच्या एका छापखान्यातली डिस्क माझ्या हाती तिसऱ्या झटक्याला सुटली. आत काहीतरी अलगद मोकळे झाल्याचे तळव्याला जाणवले, आणि वीज दिल्यावर तो चढत जाणारा, हळूहळू एकसुरी होणारा आवाज आला, तेव्हा प्रेसचे मालक काका खुर्चीवरून उठून उभे राहिले.

डिस्क फिरू लागली की ती बंद करू नये आणि तिच्यातल्या फाइली एकेक उघडून पाहू नयेत. लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे एका फाइलीत जशीच्या तशी प्रत, घ्यावी. पहिल्या फेरीत खराब भाग सोडून चांगले सर्व आधी उतरवावे आणि अवघड जागांकडे मग वळावे. पुढचे सारे काम त्या प्रतिमेच्या दुसऱ्या प्रतीवर करावे. श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तेव्हा टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आज सर्वत्र चालणाऱ्या अक्षरसंकेतात, नसतो, तो त्या-त्या फॉन्टशिवाय निरर्थक अक्षरांसारखा दिसतो. म्हणून प्रतिमेतून फॉन्टच्या फाइलीही मजकुराबरोबरच बाजूला काढून जपाव्यात.