‘पिंजरा’ पुन्हा बघताना मन बसत नसेल तर असं करून बघा

घरातल्या मोठ्यांनी व्ही. शांतारामांचा १९७२ चा हा तमाशावरचा पिक्चर इतका डोक्यावर घेतलेला असतो की आपण परत लावतो तेव्हा अपेक्षा आधीच आभाळाला टेकलेल्या असतात, आणि मग तासाभरातच वाटायला लागतं की हे सगळं एवढं भडक का आहे, नायिका झालेल्या संध्याबाईंचे हावभाव एवढे मोठे का, नायक असलेले शाळामास्तर गुरुजी बोलतायत की प्रवचन देतायत. असं वाटलं तर स्वतःला गप्प करू नका. पण बंदही करू नका.

आधी कॉपी बदला. २०१६ मध्ये हा पिक्चर डिजिटल करून परत थिएटरला लागला होता, त्यामुळे रंग उडालेली, आवाज फाटलेली कॉपी मोबाईलवर बघत बसायची काहीच गरज नाही. राम कदमांचं संगीत आणि जगदीश खेबुडकरांनी लिहिलेली गाणी ह्यावर अर्धा पिक्चर उभा आहे, ढोलकी नीट ऐकू आली नाही तर उरणार काय? टीव्हीला चांगला स्पीकर जोडा.

मग हे शोधा की तो गाजला नेमका कशामुळे. ज्यांनी १९७२ ला थिएटरात बघितलाय अशा कुणालातरी सोबत बसवा, आणि ‘आवडला होता का’ असं विचारू नका, ‘कुणाबरोबर गेला होतात’ असं विचारा. तमाशाच्या फडात घरातल्या बायका जायच्या नाहीत, इथे मात्र आई, मावशी, आज्जी सगळ्या मिळून लावणी बघायला बसल्या, हे केवढं मोठं असेल त्यांच्यासाठी! घरात एकट्याने बघताना ते आपल्याला मिळणारच नाही.

दुसऱ्यांदा बघताना फक्त गुरुजी झालेल्या डॉ. श्रीराम लागूंवर नजर ठेवा. १९७० ला ‘नटसम्राट’ स्टेजवर गाजवलेला हा माणूस, मराठी पडद्यावरची त्यांची ही पहिली मोठी भूमिका. सुरुवातीचा ताठ मास्तर आणि नंतर फडाबरोबर फिरणारा माणूस, चाल बघा, खांदे बघा, आवाज बघा. ह्या बाबतीत पिक्चरची कीर्ती शंभर टक्के खरी आहे, मी ह्यावर कुणाशीही भांडेन.

आता तुलना. (गोष्ट माहीत नसेल तर हा भाग सोडा.) मूळ धागा १९३० च्या जर्मन ‘द ब्लू एंजल’ चा, एक कडक मास्तर नाचणारीच्या मागे लागून धुळीला मिळतो. तो जमलं तर आधी बघाच, कारण मग कळतं की आपल्याकडच्या लोकांनी स्वतःचं काय घातलं. गाव समजतं गुरुजी मेले, त्यांचा पुतळा उभारतं, आणि जिवंत गुरुजी स्वतःच्याच खुनाच्या आरोपात फासावर जायला तयार होतात, कारण गावाचा आदर्श मोडायला नको. ही कल्पना जबरदस्त आहे आणि ती सगळी उत्तरार्धात आहे, पूर्वार्धात कंटाळून उठलेल्या माणसाला ती भेटतच नाही.

जे खटकतं त्यावर लोक लगेच म्हणतात ‘तो काळच तसा होता’. हे मान्य करू नका. त्याच शांतारामबापूंचे ‘कुंकू’ (१९३७) आणि ‘माणूस’ (१९३९) लावा. ‘कुंकू’ मधली नीरा म्हाताऱ्याशी लावून दिलेलं लग्न मानायलाच तयार नाही, आणि ‘माणूस’ मधल्या मैनाकडे कॅमेरा किती मायेने बघतो. मग पस्तीसएक वर्षांनी ‘पिंजरा’ मधल्या चंद्रकलेच्या, म्हणजे संध्याबाईंनी केलेल्या तमाशातल्या नाचणारीच्या वाट्याला आधी सूड आणि मग झुरणं एवढंच का यावं? मास्तर घसरला ह्याचं खापर बरंचसं तिच्यावर फुटतं, तिच्या पोटापाण्याचा प्रश्न मात्र येऊन पटकन निघून जातो. ह्या ठिकाणी पिक्चर कमी पडतो आणि हे बोलायला काही हरकत नाही, बापूंवर प्रेम असलं तरी, खरं तर प्रेम आहे म्हणूनच.

नवीन कुणाला दाखवणार असाल तर ‘मराठीतला सगळ्यात भारी पिक्चर’ असं सांगून बसवू नका. दोन-तीन गाणी आधी नुसती ऐकवा, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध वेगवेगळ्या संध्याकाळी लावा, आणि उत्तरार्धाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगा.